पेजवरून माणूस कसा काढावा

मी दिवसभर लोकांशी बोलतो आणि एकही माणूस मला उलटून बोलत नाही. लग्न झालेल्यांना माझा हेवा वाटतो. वाटू दे.

धंदाच तसा आहे. एक कंपनी छोट्या दुकानदारांना वेबसाइट आणि पेज बनवून विकते. विकून झालं की दुकानदार फोन करकरून कंपनीचा जीव खातात. फोटो कसा टाकू, वेळ कशी बदलू, हे लाल काय आलंय. म्हणून कंपनीनं मला धरलं. मी घरी बसून शिकवण्याचे व्हिडिओ बनवतो. स्क्रीन दिसते, स्क्रीनवर बाण फिरतो आणि मागून माझा आवाज येतो, ‘तर मित्रांनो, उजव्या कोपऱ्यात बघा.’ मित्रांनी माझं थोबाड कधी पाहिलेलं नाही. त्यांच्या भल्यासाठीच ते.

आवाज घुमू नये म्हणून खोलीच्या दाराला आतून जाड रजई टांगलीय आणि खिडकीत जुनी गादी उभी केलीय. बाहेर जायचं तर आधी रजई उतरवावी लागते. कोण उतरवतंय? किराणा दारात येतो, मी रजईच्या कडेनं हात बाहेर काढून पिशवी आत ओढतो. किराणावाल्याला मी हातावरून ओळखीचा आहे.

शिकवायला नमुन्याचं पेज लागतं. बाकीचे लोक त्याला ‘नमुना दुकान एक’ असलं काहीतरी नाव ठेवतात. मी ठेवलं, ‘सावल्या इस्त्री करून मिळतील.’ आता मला सांगा, यात कुणी फसावं? पण चौदा माणसं खरोखर येऊन चिकटली. एका बाईंनी विचारलं, नवऱ्याची सावली फार सुरकुतलीय, किती वेळ लागेल? मी लिहिलं, नवऱ्याला उन्हात उभा करून ठेवा, आमचा माणूस येतोय. दोन तासांनी त्यांचा निरोप आला, ‘केलाय उभा.’ आठवडाभर हसत होतो मी. एकटाच.

कमेंटला उत्तर कसं द्यावं हे शिकवायला गिऱ्हाइकं लागतात. तीही मीच बनवली. पाच खोटी खाती. एक कायम कुरकुरणारे काका, एक सगळ्याला हृदयाची चित्रं पाठवणारी मावशी, एक घासाघीस करणारा, एक ‘छान छान’ म्हणणारी आणि एक असा की जो नुसता बघतो, कधीच काही बोलत नाही. बावन्नावा वाढदिवस झाला माझा, तेव्हा या पाचांनीच मला शुभेच्छा दिल्या. काकांनी त्यातही केक लहान दिसतोय म्हणून नाक मुरडलं. न बोलणाऱ्यानं नुसता अंगठा दाखवला. मला खरं सांगायचं तर त्याचंच बरं वाटलं.

तर असा मी. आणि मला एक भाऊ आहे.

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. बॅगा, सुटकेसी, छत्र्या दुरुस्त करतो. माझ्या घरापासून त्याचं दुकान चालत वीस मिनिटं. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. आत एक माणूस बसतो, बाहेर एक उभा राहतो, तिसरा आला तर रस्त्यावर. मेणाचा दोरा, वाकड्या सुया, डबाभर चेनचे रनर, चामड्याचे तुकडे आणि मागच्या फळीवर झालेल्या वस्तू. फळीवर पाटी: ‘पावतीशिवाय वस्तू मिळणार नाही.’ ही पाटी शोभेची नाही. स्वतःच्या सासऱ्यांना त्यानं छत्रीशिवाय पावसात परत पाठवलंय. पावती आणा, छत्री न्या. सासरे भिजत गेले, पावती घेऊन भिजत आले आणि मग छत्री उघडून घरी गेले.

माझीही खांद्याची बॅग मी त्याला दिली होती, चेन गेली म्हणून. मलाही पावती फाडली.

“अरे दादा, मी भाऊ ना तुझा?”

“भाऊ घरी. इथं रांगेत उभा राहा.”

रांगेत मी एकटाच होतो.

आता दादाची एक गंमत होती. तो माणसांशी फार बोलायचा नाही, पण बॅगांशी बोलायचा. मोठ्यानं नाही, दाताखाली दोरा धरून, ओठांतल्या ओठांत. ‘काय गं, एवढं कोंबतात का कुणी?’ ‘तू रे, तुला कुणी ओढलं असं?’ लहानपणापासूनची सवय. त्याला ती आहे हेही बहुधा त्याला माहीत नव्हतं.

दुकानाचं पेज मीच बनवलं होतं. सांभाळणाऱ्यांची नावं दोनच, त्याचं आणि माझं. दोघांच्या हातात सगळ्या किल्ल्या. आणि एके दुपारी मी बाहेर उभा असताना तो एका लाल सुटकेसची समजूत काढत होता. ‘लागणार थोडं. दोनच टाके. झालं, झालं, रडायचं नाही.’ मी फोन काढला. दीड मिनिट. वर लिहिलं, ‘बॅगांचे डॉक्टर’. दिलं पेजवर टाकून.

तीन दिवसांत दोन लाख माणसांनी बघितलं. दोन लाख! मी वेडा झालो आनंदानं. आयुष्यभर लोकांना हसवायच्या मागे लागलो होतो, आणि एकदम एवढं मोठं घबाड. चौथ्या दिवशी नाचतच दुकानावर गेलो. बाहेर सहा-सात पोरंपोरी फोन धरून उभी. “काका, आमच्या बॅगेला विचारा ना कुठं दुखतंय!” “काका, ती रडली तर?” आत दादा मांडीवर बॅग घेऊन शिवत होता. तोंड मिटलेलं. कान लाल.

मी म्हटलं, “दादा, दोन लाख!”

त्यानं वर बघितलं. म्हणाला, “पावती आणलीस?”

मी खिसे चाचपले. पावती धुण्यात गेली होती. “नाही.”

“मग जा.”

हे आमचं शेवटचं बोलणं. दोन वर्षं झाली. व्हिडिओ मी त्याच दुपारी काढून टाकला, पण तोवर तो अडीचशे ठिकाणी जाऊन चिकटला होता.

पेजवर मात्र माझं नाव राहिलं. दादाला ते काढता येत नव्हतं आणि मी निघालो नाही. काही खोडी करायला नव्हे, शपथ. रोज सकाळी दहाला त्याच्या नावापुढं एक हिरवा ठिपका लागायचा. म्हणजे दादा आला, कुलूप काढलं, फोन फळीवर ठेवला. रात्री आठला ठिपका जायचा. सोमवारी दुकान बंद, ठिपका नाही. एखाद्या दिवशी सव्वादहा झाले तरी ठिपका नाही लागला की मी रेकॉर्डिंग थांबवून बसायचो. कधी त्यानं टाकलेला आडवा फोटो गुपचूप उभा करायचो. कुणी विचारलं ‘छत्रीची काडी मिळेल का’, तर त्याच्या आधी लिहून टाकायचो, ‘मिळेल.’ एवढंच. त्याच्या दुकानात मी रोज असा उभा असायचो, रस्त्यावर नाही, पण जवळपास.

मग महिन्यापूर्वी वहिनीचा फोन आला.

“भावजी, एक काम होतं.”

“बोला वहिनी! दादा हरवला का? पावती आहे ना तुमच्याकडे?”

वहिनी हसली नाही. एरवी हसते. “हे विचारतायत... म्हणजे मला विचारायला लावतायत. पेजवरून माणूस कसा काढतात?”

“कुठला माणूस?”

मग ती म्हणाली, “त्या पेजवर आहेतच दोन माणसं, भावजी.”

मी म्हटलं, “एवढंच ना? मीच निघतो की. एक बटण दाबायचं.”

मागून दादाचा आवाज आला. दोन वर्षांनी ऐकला. जरा घोगरा झालाय. “पुढच्या दारानं निघेल आणि मागच्या दारानं येईल. त्याचा भरवसा नाही. मला शिकव म्हणावं. मी काढतो.”

“ऐकलंत ना?” वहिनी म्हणाली.

“ऐकलं. त्याला म्हणावं, माझी बॅग झाली का?”

फोनवर हात ठेवल्यासारखा आवाज झाला. मग वहिनी परत. “पावती आहे का, विचारतायत.”

घ्या. म्हणजे मला बाहेर कसं काढायचं हे मीच शिकवायचं, पायरीपायरीनं, स्वच्छ आवाजात. आणि ते काढलं की सकाळी दहाचा ठिपका संपला.

मी बसलो रेकॉर्डिंगला. नाव दिलं, ‘पेजवरून माणूस कसा काढावा.’ सगळं व्यवस्थित दाखवलं. सेटिंग इथं, मग ही रांग, मग ‘पेज सांभाळणारे’, मग दोन नावं दिसतील, त्यात खालचं माझं. आणि खरी किल्ली पुढं आहे. नावाच्या पार टोकाला तीन बारीक ठिपके असतात, मुंगीच्या डोळ्याएवढे. ते दाबले तरच ‘काढा’ येतं. ते ठिपके दिसले नाहीत तर माणूस तिथं म्हातारा होईल.

चार मिनिटं दहा सेकंदांवर मी तीन सेकंद कापले. बरोबर ठिपक्यांचे. वरून एक हसू पेरलं, ‘आणि हे असं झालं, हा हा, की पुढचं पान येतं.’ जादूगार रुमाल झटकतो ना, तसं. बघणाऱ्याला वाटावं आपलंच लक्ष नव्हतं. माझ्या हातचलाखीवर मीच खूश झालो. लिंक फक्त वहिनीला पाठवली. दुसरं कुणी ती उघडू शकत नव्हतं.

कंपनीच्या यंत्रणेत प्रत्येक व्हिडिओखाली एक आलेख येतो. कुणी किती वेळा बघितलं, कुठं थांबवलं, कुठं मागं नेलं. पहिल्या दिवशी तीनदा. दुसऱ्या दिवशी चारदा. दुपारी तीन ते चार, गिऱ्हाईक नसतं ती वेळ. आलेखात चार मिनिटं दहा सेकंदांवर हा एवढा डोंगर. तिथं तो परतपरत मागं जात होता.

मला काय मजा आली म्हणून सांगू! तीन वाजले की मी चहा घेऊन त्या आकड्यासमोर बसायचो. सतरा. अठरा. बघ, बघ, परत गेला मागं! दादा तिकडं जिन्याखाली आणि मी इकडं रजईमागं, पण रोज तासभर तो माझाच आवाज ऐकत होता. दोन वर्षांत कुणी एवढं ऐकलं नव्हतं माझं. खोट्या पाचांनी पण नाही. अकराव्या दिवशी एकेचाळीस झाले. दोन लाखांची मला एवढी मजा आली नव्हती.

सुरुवातीलाही एक छोटा उंचवटा होता, पहिल्याच मिनिटात. तिथं काहीच शिकवलेलं नव्हतं. मला वाटलं, यंत्राची चूक.

बाराव्या दिवशी परत वहिनी. आवाज दबका, गॅलरीतून बोलत असणार.

“भावजी, तुम्हाला खोकला झालाय का?”

“का हो?”

“हे म्हणत होते. सुरुवातीला दोनदा खोकलाय म्हणाले. परत लावून ऐकलं. म्हणाले, छातीतून येतोय, विचार त्याला औषध घेतलंय का.”

मी काहीतरी चावट बोलणार होतो. त्याऐवजी म्हटलं, “घेतो.”

“दुसरं म्हणजे,” ती म्हणाली, “तो व्हिडिओ यांना जमत नाहीये. वहीत उतरवून घेतलाय सगळा. सतरा पायऱ्या लिहिल्यात, खाली आकडे घालून. सोळाव्यापर्यंत बरोबर जातात आणि मग अडकतात. काल वही भिरकावली. म्हणाले, मी मठ्ठ आहे, माझ्या डोक्याचं झालं आता. गिऱ्हाईक फोनवर काही विचारायला लागलं की सांगतात, मला ते येत नाही. पूर्वी निदान फोटो तरी टाकायचे.”

“वहिनी...”

“आधी बॅगांशी बोलायचं थांबलं. अजून बोलत नाहीत, माहितीय ना तुम्हाला? माझ्याशी बोलतात, पण ते काय, पाणी दे, दार लाव. आता हे फोनचंही थांबेल. तुम्ही एवढं शिकवता जगाला, यांना जरा सोपं करून सांगा ना.”

फोन ठेवल्यावर मी तो आलेख परत उघडला. तो डोंगर. एकेचाळीस वेळा माझा भाऊ तिथं मागं गेला होता, चष्मा पुसून, पेन्सिल धरून, आणि प्रत्येक वेळी त्याला माझं हसू ऐकू आलं होतं. हा हा. मी ते एकदा लावून ऐकलं. दुसऱ्यांदा लावायची हिंमत झाली नाही.

त्याच संध्याकाळी नवा व्हिडिओ केला. ‘मित्रांनो’ नाही, काही नाही. आधी नीट खोकून घेतलं, मग सुरू केलं.

“दादा, मागच्या व्हिडिओत चार मिनिटं दहा सेकंदांवर मी तीन सेकंद कापले होते. मुद्दाम. तू सोळाव्या पायरीपर्यंत बरोबर येत होतास. त्याच्या पुढची मी लपवली होती. मठ्ठ तू नाहीस, नालायक मी आहे. आता बघ. माझं नाव दिसतंय? त्याच्या उजवीकडं, पार कडेला, तीन ठिपके. मी मोठे करून दाखवतो. दिसले? त्यावर बोट ठेव. घाई नाही, मी थांबतो.”

मी खरंच थांबलो. दहा सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड केली. माझ्या धंद्यात हे पाप आहे.

“आता ‘काढा’ असं येईल. ते दाब. मग तुझा पासवर्ड विचारेल. तुझ्या दुकानाचा जुना फोन नंबर आहे तो, मीच ठेवला होता, नंतर बदलून घे. मला सांगू नकोस. शेवटी ते विचारेल, ‘नक्की काढायचं का?’ हो म्हण. लाल सुटकेसचा व्हिडिओ मी टाकायला नको होता. ते तुझं आणि तिचं बोलणं होतं. ‘हो’ खाली डावीकडं आहे.”

परत ऐकला तर आणखी पाच वेळा करावा लागला असता, म्हणून ऐकलाच नाही. पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी तीन वाजून दहा मिनिटांनी आकडा हलला. एक. तीन वाजून सोळा मिनिटांनी माझ्या यादीतून दुकानाचं पेज गेलं. सहा मिनिटांचा व्हिडिओ, सहाव्या मिनिटाला मी बाहेर. इतका यशस्वी धडा मी आयुष्यात दिला नव्हता.

नंतरचे दिवस सांगण्यासारखे नाहीत. सकाळी दहाला हात आपोआप तिकडं जायचा आणि मग आठवायचं. सव्वादहाला वाटायचं, आला असेल. साडेदहाला वाटायचं, नसेल आला तर कुणाला कळणार? ‘गोष्टी क्रमानं कशा लावाव्यात’ यावर एक व्हिडिओ करायचा होता, त्यात पायऱ्या उलट्या बोललो. मन रमवायला सावल्यांच्या पेजवर गेलो आणि कुरकुऱ्या काकांच्या नावानं स्वतःलाच लिहिलं, ‘तुमच्या धंद्याला काही अर्थ आहे का?’ उत्तर द्यायला दुसऱ्या खात्यात गेलो, पण काकांचं म्हणणं मला पटलं होतं.

काकांच्या नावानं दादाच्या पेजवर डोकावता आलं असतं. मागचं दार म्हणतात ते हेच. नाही गेलो. रविवारपर्यंत कळ काढली आणि सोमवारी दुपारी गेलो ते स्वतःच्याच नावानं, चार लोक जातात तसा, बाहेरून बघायला.

पेजवर तासाभरापूर्वीचा फोटो होता. दादानं स्वतः टाकलेला. कारण आडवा होता आणि कोपऱ्यात त्याचा अंगठा होता. मागची फळी. चार छत्र्या, एक चाकांची सुटकेस, एक शाळेचं दप्तर आणि टोकाला, जरा सुटी ठेवलेली, माझी खांद्याची बॅग. नवी चेन चमकत होती. धूळ पुसलेली दिसत होती. बाकीच्यांवर होती.

सोमवारी दुकान बंद असतं, पण फोटोत फळीवर ऊन पडलेलं होतं, तिरपं, दाराच्या बाजूनं. दार उघडल्याशिवाय तिथं ऊन पोचत नाही. त्या रांगेत मी उभा राहिलोय, मला माहीत आहे.

खाली चार ओळी. ‘या वस्तू बरेच दिवस पडून आहेत. ज्यांच्या असतील त्यांनी घेऊन जाव्यात. मी आज दुकानात आहे. पावती नसली तरी चालेल.’

शेवटचं वाक्य मी किती वेळा वाचलं कुणास ठाऊक. त्याच्याकडे आलेख असता तर डोंगर दिसला असता.

बोटं शिवशिवली. लिहिलं, ‘फोटो आडवा आलाय.’ पुसलं. मग लिहिलं, ‘सासऱ्यांना कळवू का?’ तेही पुसलं. मग उठून दारावरची रजई काढायला लागलो. दोन वर्षांत खिळे गंजले होते, एक वाकला, एक निघेचना. शेवटी तेवढ्या बाजूला ती लोंबकळत ठेवली आणि खालून वाकून बाहेर पडलो.